बुरशीच्या जनुकशास्त्रात यायचंय? सुरुवात कुठून आणि कशी करायची

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात असलेली मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात. बुरशीच्या जनुकांवर काम करायची इच्छा आहे, पण 'फंगल जेनेटिक्स' असा शोध घेतला की जाहिराती जेमतेम दिसतात. मग या क्षेत्रात जागा आहेत तरी का?

जागा आहेत, फक्त त्या या नावाने निघत नाहीत. भाताच्या करप्यावर काम करणारी लॅब वनस्पती रोगशास्त्राच्या विभागात असते. कॅन्डिडावर (माणसाला संसर्ग करणारं यीस्ट) काम करणारी सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सापडते, आणि यीस्टमधल्या पेशीविभाजनावरची लॅब पेशीजीवशास्त्राच्या पाटीखाली असते. हे सगळे लोक एकमेकांना ओळखतात, स्ट्रेन (एकाच बुरशीचे वेगवेगळे वाण) देतात-घेतात, त्याच परिषदांना भेटतात. त्यामुळे या समुदायात शिरण्याचा रस्ता नोकरीच्या पोर्टलवरून जात नाही, तो एका विशिष्ट बुरशीवरून जातो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी बुरशी ठरवा

परिषदेत कोणी 'तुम्ही कशावर काम करता?' असं विचारलं, तर उत्तर बुरशीच्या नावाने द्यायचं असतं. न्यूरोस्पोरा, अ‍ॅस्परजिलस निडुलन्स, क्रिप्टोकॉकस, भाताच्या करप्याची मॅग्नापोर्थे. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा आणि स्ट्रेनचा साठाही वेगळा. जनुकांना नाव देण्याची पद्धतसुद्धा सारखी नाही. बेकरीच्या यीस्टमध्ये तीन मोठी रोमन अक्षरं आणि आकडा, तर अ‍ॅस्परजिलसमध्ये तीन लहान अक्षरं आणि शेवटी एक मोठं. पेपर वाचताना हे आधी माहीत असलं की निम्मा गोंधळ संपतो.

इतिहासात न्यूरोस्पोरा क्रासाचा मान मोठा आहे. जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी १९४१ मध्ये स्टॅनफर्डला क्ष-किरणांनी तिचे म्युटंट (जनुकात बिघाड असलेले स्ट्रेन) तयार केले आणि एक जनुक एका विकराचं (एन्झाइमचं) काम ठरवतं हे दाखवून दिलं. १९५८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. ही बुरशी निवडण्यामागे ठोस कारण होतं. तिच्या पेशींमध्ये गुणसूत्रांचा एकच संच असतो, म्हणून जनुकात बिघाड झाला की तो लगेच दिसतो, दुसरी चांगली प्रत त्याला झाकत नाही. शिवाय संकरानंतर तिच्या लांबट पिशवीत आठ बीजाणू ओळीने बसलेले असतात. ती ओळ वाचली की अर्धसूत्री विभाजनात काय घडलं ते थेट कळतं. तिच्या ७ गुणसूत्रांवरचा सुमारे ४ कोटी बेसचा जीनोम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही बुरशी फक्त परदेशी लॅबमध्येच राहते असं समजू नका. जळालेल्या वनस्पतींवर उगवणारी नारिंगी भुकटी म्हणजे बऱ्याचदा न्यूरोस्पोराच. कर्नाटकात मद्दूर भागातल्या जाळलेल्या उसाच्या शेतात तिच्या जीवनक्रमाचा अभ्यास झाला, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून. आगीची धग लागल्याशिवाय तिचे लैंगिक बीजाणू सहसा रुजत नाहीत. लॅबमध्येही त्यांना साधारण ६० अंशांवर अर्धा तास ठेवावं लागतं. उसाच्या पट्ट्यातल्या, म्हणजे कोल्हापूर-सांगली किंवा अहिल्यानगरकडच्या विद्यार्थ्यांना जाळलेल्या फडात ती शोधून पाहता येईल.

निवड करताना स्वतःला तीन गोष्टी विचारा. तिचा लैंगिक जीवनक्रम लॅबमध्ये पुरा होतो का? तिच्यात बाहेरून डीएनए घालून हवं ते जनुक काढता येतं का? आणि तिचे स्ट्रेन मला कायदेशीरपणे मिळू शकतात का? माझं स्पष्ट मत असं आहे की जनुकशास्त्राची शिस्त शिकायला यीस्ट, न्यूरोस्पोरा किंवा अ‍ॅस्परजिलस निडुलन्स घ्यावं. रोग पसरवणारी बुरशी त्यानंतर हातात घ्यावी. थेट म्युकरपासून ('काळ्या बुरशी'च्या गटातली) सुरुवात केली तर वर्ष-दीड वर्ष फक्त डीएनए आत घालण्याच्या खटपटीत जाऊ शकतं.

तरी म्युकरकडे दुर्लक्ष करू नका. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण पाहिले. त्या गटातल्या बुरशींवर हात बसलेले लोक जगातच कमी आहेत. म्युकरमध्ये एक विलक्षण गोष्टही सापडलेली आहे. डीएनएचा क्रम न बदलता, छोट्या आरएनएच्या मदतीने जनुक गप्प करून ती तात्पुरती औषधाला दाद देईनाशी होते. ड्यूक विद्यापीठ आणि स्पेनमधल्या मुर्सिया इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवलं.

एक सूचना इथेच देते. बुरशींची नावं बदलत असतात. लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावं देण्याची जुनी पद्धत २०११ च्या मेलबर्नच्या जागतिक वनस्पतीशास्त्र परिषदेपासून मोडीत निघाली, आणि जीनोमच्या अभ्यासातून नव्या प्रजातीही वेगळ्या केल्या जात आहेत. कॅन्डिडा ऑरिस आता कॅन्डिडोझायमा ऑरिस या नावानेही येते. मॅग्नापोर्थेला अनेक जण पायरिक्युलेरिया म्हणतात, आणि उद्योगातली पिकिया पास्टोरिस ही कोमागाटेला झाली आहे. पेपर किंवा जागा शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर बरंच काही निसटेल.

पायरी २: घरबसल्या एक खरा सराव करा

यासाठी लॅब लागत नाही. इंटरनेट आणि तीन-चार संध्याकाळी पुरे.

यीस्टसाठी सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस, कॅन्डिडासाठी कॅन्डिडा जीनोम डेटाबेस, फिशन यीस्टसाठी पॉमबेस, आणि शेकडो बुरशींचे जीनोम एकत्र पाहायला अमेरिकेच्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटचं मायकोकॉझम. फंगायडीबीही उपयोगी आहे, पण तिथल्या प्रवेशाचे नियम आधी पाहून घ्या.

मी सुचवते तो सराव असा. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसमधलं सीवायपी-५१-ए हे जनुक घ्या. एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीपटलातला घटक) बनवण्याच्या साखळीतला एक विकर ते तयार करतं, आणि अ‍ॅझोल गटातली औषधं नेमकी याच विकराला अडवतात. कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये त्याचं भावंड ईआरजी-११ या नावाने आहे. दोन्हींचे प्रथिनक्रम उतरवून एकमेकांखाली मांडा. मग फ्युमिगेटसच्या क्रमात ९८ वा अमिनो आम्ल शोधा. तिथे ल्युसिन दिसेल. औषधाला न जुमानणाऱ्या अनेक स्ट्रेनमध्ये त्या जागी हिस्टिडिन असतं, आणि जोडीला जनुकाच्या आधीच्या भागात ३४ बेसचा एक तुकडा दोनदा आलेला असतो. हा दुहेरी बदल युरोपात सापडला, तसा भारतातही सापडला आहे.

हा सराव इथल्या मुलांसाठी मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण द्राक्षबागेत भुरीवर फवारली जाणारी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं याच विकरावर काम करतात. शेतातली फवारणी आणि दवाखान्यातली अयशस्वी औषधं यांचा संबंध हा आज या क्षेत्रातला एक कळीचा प्रश्न आहे. नाशिक-सांगलीच्या मातीतल्या फ्युमिगेटसमध्ये या जनुकाची काय स्थिती आहे, हा प्रश्न एमएस्सीच्या प्रकल्पात मावतो आणि पुढे पीएचडीपर्यंत वाढू शकतो. अर्जात 'मला बुरशीत रस आहे' असं लिहिण्यापेक्षा अशा मांडणीचं एक चित्र आणि त्याखाली तुमचे चार निष्कर्ष जोडले तर समोरचा माणूस थांबून वाचतो.

(द्राक्षावरचा केवडा मात्र खरी बुरशी नाही. तो ऊमायसीट गटातला जीव आहे. मुलाखतीत ही गल्लत फार वेळा होते. गंमत म्हणजे बुरशीच्या परिषदांमध्ये ऊमायसीटवाल्यांनाही मोकळं स्थान असतं.)

पायरी ३: स्ट्रेन कुठून येतात ते समजून घ्या

फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटर १९६० मध्ये सुरू झालं. २०१४ पासून ते अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात आहे. न्यूरोस्पोरातलं एकेक जनुक काढून टाकलेल्या हजारो स्ट्रेनचा संच तिथे आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टची वेस्टरडाइक संस्था १९०४ पासूनची. तिथला जिवंत बुरशींचा संग्रह जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

आपल्याकडे पुणे या बाबतीत समृद्ध आहे आणि अनेकांना त्याची कल्पनाच नसते. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आणि आजरेकर यांच्या नावाचं कवक-संग्रहालय आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या छत्राखाली सूक्ष्मजीव संसाधन केंद्र चालतं. चंदीगडच्या इमटेकमध्ये एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा संग्रह आहे. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतला संग्रह १९३६ पासूनचा. अशा ठिकाणी प्रकल्प सहायक किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून काढलेलं वर्ष वाया जात नाही. बुरशी ओळखणं, शुद्ध करणं, वर्षानुवर्षं जिवंत ठेवणं हे कौशल्य नव्या पिढीत कमी होत चाललंय आणि त्याला सर्वत्र मागणी आहे.

कायद्याकडे काणाडोळा करू नका. परदेशातून बुरशी मागवायची तर वनस्पती संगरोधाची (क्वारंटाइनची) परवानगी पाहावी लागते. भारतातला स्ट्रेन बाहेर पाठवायचा तर जैवविविधता कायदा आड येतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागतात. जनुकीय बदल केलेल्या बुरशीसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी हवी. पार्सलमध्ये गुपचूप स्लँट (बुरशी वाढवलेली नळी) टाकून पाठवणं हा गुन्हा ठरू शकतो. कोणत्याही 'सिनियर'ने सांगितलं तरी करू नका.

पायरी ४: बातम्या कशा वाचायच्या

आठवड्यातून एक तास पुरतो, पण तो ठरवून द्या. बायोआर्काइव्हवर आपल्या बुरशीच्या नावाचा अलर्ट लावा. पेपर छापून येण्याआधी तिथे दिसतो. नियतकालिकांपैकी फंगल जेनेटिक्स अँड बायोलॉजी, जेनेटिक्स, जी-थ्री आणि एमबायो यांची अनुक्रमणिका चाळा.

मात्र बातमी म्हणजे फक्त शोध नव्हे. करिअरच्या दृष्टीने तीन प्रकारच्या बातम्या जास्त कामाच्या असतात.

पहिली, कोणी नवी लॅब उघडली ही. पोस्टडॉक संपवून नुकताच प्राध्यापक झालेला माणूस स्वतः शिकवतो, त्याला हातांची गरज असते आणि त्याच्या दारात गर्दी नसते. ज्यांचे पेपर तुम्ही वाचता त्यातले पहिले लेखक आता कुठे आहेत, एवढं शोधलं तरी अशा लॅब सापडतात.

दुसरी, पैसा कुठे वळतोय ही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली प्राधान्य यादी काढली. त्यात १९ नावं आहेत, आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स या सर्वोच्च गटात आहेत. आपला प्रश्न या यादीशी जोडून मांडला तर निधी देणाऱ्याला तो लवकर समजतो. पेपरच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो, तो कधीही सोडू नका. कोणत्या संस्थेने पैसे दिले हे तिथे लिहिलेलं असतं.

तिसरी, दारं कुठे आखडतायत ही. अमेरिकेत २०२५ पासून सरकारी संशोधन निधीबाबत मोठी अनिश्चितता आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. म्हणून अमेरिका हा एकच पर्याय धरून बसू नका. इंग्लंडमध्ये एक्सेटरचं वैद्यकीय कवकशास्त्र केंद्र, नॉर्विचची सेन्सबरी लॅबोरेटरी, नेदरलँड्स, जर्मनी, स्पेन, सिंगापूर, जपान इथेही या विषयाची पक्की परंपरा आहे.

पायरी ५: परिषद आणि उन्हाळी अभ्यासक्रम

या समुदायाचं मुख्य संमेलन म्हणजे कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हमधल्या असिलोमार इथे भरणारी फंगल जेनेटिक्स कॉन्फरन्स. अमेरिकेची जेनेटिक्स सोसायटी ती भरवते. सगळे एकाच आवारात राहतात, एकत्र जेवतात, त्यामुळे ज्यांचं नाव फक्त पेपरवर वाचलंय अशा माणसाशेजारी ताट घेऊन बसता येतं. युरोपात ईसीएफजी नावाची अशीच परिषद दर वेळी वेगळ्या शहरात भरते.

तिकीट परवडत नसेल तर देशातून सुरुवात करा. भारतीय कवकशास्त्र संस्था १९७३ पासून काम करतेय, तिचं 'कवक' हे नियतकालिक आहे. मानवी आणि प्राण्यांच्या बुरशीरोगांसाठी सिहॅम ही संस्था, पिकांसाठी भारतीय वनस्पतीरोग संस्था. विद्यार्थी सभासदत्व घ्या आणि पोस्टर लावा. पोस्टरपाशी उभं राहून दोन मिनिटांत आपलं काम सांगण्याची तयारी आरशासमोर नव्हे, दुसऱ्या विषयाच्या मित्रासमोर करा.

अभ्यासक्रमांमध्ये दोन नावं लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरचा यीस्ट जनुकशास्त्राचा अभ्यासक्रम १९७० पासून चालत आला आहे, आणि तिथेच वुड्स होल या गावी रोगकारक बुरशींवरचा मॉलिक्युलर मायकॉलॉजी अभ्यासक्रम होतो. दोन्ही महाग आहेत, पण शिष्यवृत्त्या असतात. पीएचडीच्या मधल्या वर्षांत अर्ज करणं योग्य. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांनी भारतीय विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी फेलोशिपला अर्ज करावा. लहान गावातल्या महाविद्यालयातून थेट मोठ्या लॅबमध्ये दोन महिने बसायला मिळतात. अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटी निघतात, तिकडे लक्ष ठेवा.

पायरी ६: पैशाची सोय

सीएसआयआर-नेटची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), जैवतंत्रज्ञान विभागाची म्हणजे डीबीटीची जेआरएफ, आयसीएमआरची फेलोशिप आणि गेट, यांतल्या दोन तरी परीक्षा द्या. जानेवारी २०२३ पासून केंद्राची जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. स्वतःची फेलोशिप असलेल्या विद्यार्थ्याला लॅब निवडायचं स्वातंत्र्य मिळतं, हा पैशापेक्षा मोठा फायदा. महाराष्ट्रातल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी सारथी, बार्टी आणि महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिप आहेत. नोंदणीची कागदपत्रं, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचे दाखले आधीच तयार ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ नको.

युरोपात पीएचडी ही बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी असते. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांसाठी राष्ट्रीयत्वाची अट नाही. पण मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. पीएचडीनंतर भारतात राहायचं तर राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप आणि इंडिया अलायन्सची फेलोशिप पाहा. फुलब्राइटवर अमेरिकेला गेलात तर नंतर दोन वर्षं भारतात राहण्याची अट असते. घरच्यांशी बोलताना हे आधीच सांगून ठेवा.

संशोधनाबाहेरही वाट आहे. पुण्याची प्राज आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे इथेनॉलच्या यीस्टवर काम चालतं, बंगळुरूची बायोकॉन पिकियामध्ये इन्सुलिन बनवते, डेन्मार्कची नोव्होनेसिस बुरशींपासून विकरं तयार करते. शोधताना 'स्ट्रेन इंजिनिअरिंग', 'फर्मेंटेशन', 'एक्स्प्रेशन होस्ट' असे शब्द टाका. बुरशीचं नाव जाहिरातीत नसेलही.

पायरी ७: पत्र लिहा

इथे सर्वांत जास्त मुलं अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एकच पत्र पन्नास जणांना पाठवू नका. 'रिस्पेक्टेड सर' असंही लिहू नका, समोरची व्यक्ती बाई असू शकते. डॉक्टर आणि आडनाव लिहा. पत्र इंग्रजीतच जाईल, पण मजकूर आधी मराठीत पक्का करा. उदाहरणार्थ:

'मी कोल्हापूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते आहे. क्रिप्टोकॉकसमधल्या गुणसूत्रबिंदूंवरचा (सेंट्रोमिअरवरचा) तुमचा पेपर वाचला. त्यातल्या चौथ्या आकृतीत बिंदू काढल्यावर पेशी जिवंत राहिल्या, पण त्यांची वाढ मंदावली. नवा बिंदू जिथे तयार झाला तिथल्या जनुकांचं काम बंद पडल्यामुळे असं झालं का, हे तुम्ही तपासलं आहे का? मी प्रकल्पात मातीतून अ‍ॅस्परजिलस वेगळी करून त्यांची जनुकं वाचली, त्याचं एक पान जोडलं आहे. जुलैपासून माझी नेटची फेलोशिप सुरू होईल. तुमच्याकडे जागेचा विचार होऊ शकेल का?'

एवढंच. हुशारीचं वर्णन नको, आईवडिलांच्या अपेक्षा नकोत, दहा जोडपत्रं नकोत. प्रश्न खरा हवा, आणि पेपर खरोखर वाचलेला हवा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण करा. 'जागा नाही' असं उत्तर आलं तर आभार मानून विचारा: या बुरशीवर काम करणाऱ्या आणखी कोणाला लिहू? छोट्या समुदायात या प्रश्नाला बहुतेक जण उत्तर देतात, आणि पुढच्या पत्राची पहिली ओळ तुम्हाला आयती मिळते.

मुलाखतीला बोलावलं तर तीन गोष्टींचा सराव करून जा. एक, तुमच्या बुरशीचा पूर्ण जीवनक्रम फळ्यावर न पाहता काढता यायला हवा, कोणत्या टप्प्यावर गुणसूत्रांचे किती संच असतात यासह. दोन, एखादं जनुक काढून टाकल्यावर दिसलेला बदल त्याच जनुकामुळे आहे हे कसं सिद्ध कराल? उत्तर म्हणजे तेच जनुक परत घालून बदल पूर्ववत होतो का ते पाहणं, आणि संकर शक्य असेल तर संततीत तो बदल आणि जनुक काढल्याची खूण नेहमी सोबतच येतात का ते तपासणं. तीन, तुमच्या प्रकल्पातला एक निकाल जो अपेक्षेविरुद्ध आला, तो लपवू नका. त्यावर तुम्ही पुढचा कोणता प्रयोग केला असता ते सांगा. लॅबप्रमुखाचं लक्ष त्या तिसऱ्या उत्तराकडे सर्वांत जास्त असतं.